गुंठ्याएवढा ठिपका: पीक पाहणी घरी बसून नको, शेतात उभं राहून करा

सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्यात, कपाशीला पात्या-फुलं आलीत, तूर अजून मागं आहे. अशा दिवसांत एक काम असं आहे की त्याला खत लागत नाही, औषध लागत नाही, मजूर लागत नाही. लागतो तो अर्धा तास आणि चार्ज केलेला मोबाइल. ते काम म्हणजे ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात काय उभं आहे त्याची मोबाइलच्या ॲपवरून सातबाऱ्यावर केलेली नोंद. खरिपाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः करायची मुदत साधारण 1 ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. कधी ती वाढते, कधी वाढत नाही. वाढेल या भरवशावर राहू नका. मुदतीनंतर गावचा पीक पाहणी सहायक उरलेल्या गटांची नोंद करतो, पण तुमच्या शेतात काय उभं आहे हे तुमच्याइतकं त्याला कसं ठाऊक असणार?

हे काम पूर्वी बरेच जण ओट्यावर नाहीतर दुकानात बसून उरकायचे. आता ॲप आधी तुम्ही कुठं उभे आहात ते बघतं आणि मगच फोटो घेतं. लोक चिडतात. पण यामागं काय चालतं ते कळलं की चीड निम्मी कमी होते आणि नोंदही नीट होते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

राज्याचं नकाशांचं मोठं काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रात होतं. नियोजन विभागाखालची ही स्वायत्त संस्था 1988 पासून काम करते. तेलकागदावर काढलेले नकाशे एकावर एक ठेवावेत तसं हे काम समजा. एका कागदावर गावाच्या शिवा, दुसऱ्यावर माती, तिसऱ्यावर ओढे-नाले आणि पाणलोट, चौथ्यावर रस्ते, आणि वरून उपग्रहाचं ताजं चित्र. प्रत्येक कागद अक्षांश-रेखांशाला खिळलेला, त्यामुळे कोणत्याही जागी बोट ठेवलं की तिथली सगळी माहिती एकदम हाती येते. गटांच्या हद्दींचा कागद भूमी अभिलेख खात्याचा. तो मूळचा साखळी टाकून मोजलेला, हातानं काढलेला गावनकाशा. तोच स्कॅन करून या मांडणीत बसवला. फोटो काढताना मोबाइल तुमची जागा याच हद्दींशी ताडून बघतो.

आता उपग्रहाच्या चित्राकडे या. आपला गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, मोजणीची एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद. मीटरमध्ये हे जवळपास 10 बाय 10 होतं. पिकांच्या अभ्यासात सर्रास वापरली जाणारी सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं घ्या, त्यांतला एक ठिपकाही 10 बाय 10 मीटरचाच. म्हणजे एकरात जसे 40 गुंठे, तसे वरून बघताना एकरात 40 ठिपके. एका ठिपक्यात बांधावरची बाभूळ, धुऱ्यावरचं गवत, सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन, सगळ्यांचा मिळून एकच रंग येतो. त्या रंगावरून हिरवेपणा किती ते कळतं, पिकाला पाण्याचा ताण बसलाय का याचाही अंदाज येतो. पण तण माजलेली पडही हिरवीच दिसते. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये ढग बसले की साध्या कॅमेऱ्याला खालचं काहीच दिसत नाही, तेव्हा ढगातून आरपार जाणाऱ्या रडारच्या चित्रांवर काम चालवावं लागतं.

म्हणून पिकाचं नाव जमिनीवर उभ्या असलेल्या माणसानंच सांगावं लागतं. तो माणूस म्हणजे तुम्ही. तुमच्या फोटोवरून आणि नोंदीवरून वरच्या चित्राचा अर्थ लागतो. शंभर जणांनी तूर उभी असताना घाईत सोयाबीन लिहिलं, तर नकाशाही तेच चुकीचं शिकेल.

दुष्काळ जाहीर करताना हे प्रत्यक्ष कामाला येतं. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेप्रमाणे आधी पावसाची तूट आणि खंड बघतात. मग पेरणीचं क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, मातीतला ओलावा आणि धरणं-भूजल यांचे निर्देशांक. यातून तालुका पुढे आला की निवडक गावांत प्रत्यक्ष शेतावर जाऊन पडताळणी होते. 2018 साली 31 ऑक्टोबरला राज्यानं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्या वेळी ‘महामदत’ या नकाशा-प्रणालीवर हे निकष मांडले गेले होते. 2023 मध्ये याच निकषांच्या चाळणीतून 40 तालुके निघाले. पडताळणीचं पथक गावात आलं तर त्यांना रस्त्याकडेचं चांगलं पीक दाखवून मोठेपणा मिरवू नका. मुरमाड माळावरचं करपलेलं रानही दाखवा.

विम्यातही तेच आहे. विमा एका पिकाचा उतरवला आणि पीक पाहणीत दुसरं निघालं तर पीक पाहणीतली नोंद धरली जाते. हमीभावानं सोयाबीन घालायला जाताना सातबाऱ्यावर पिकाची नोंद मागतात, ती इथूनच येते. खरेदी केंद्रावर रांगेत उभं राहिल्यावर गाव नमुना बारा, म्हणजे सातबाऱ्यातला पिकांचा भाग, कोरा आहे हे कळणं फार वाईट. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

आता प्रत्यक्ष नोंदीचं बोलतो. माझा ओढ्याकडेचा एक तुकडा आहे, सव्वा एकराचा. पहिल्या वर्षी बांधावरच्या लिंबाखाली उभा राहून नोंद करायला गेलो, तर मोबाइल मला शेजारच्या गटात दाखवायचा. दोनदा बंद करून चालू केला, तरी तेच. मग सोयाबीनच्या ओळी धरत तीसेक पावलं आत गेलो, उघड्यावर दोन मिनिटं तसाच उभा राहिलो, आणि निळा ठिपका हळूहळू सरकत माझ्या गटात आला. मोबाइलनं दाखवलेली जागा पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतेच. झाडाखाली किंवा टेकडीच्या पोटाला ती आणखी हलते. त्यातून जुना कागदी नकाशा आखडलेला असेल तर त्याची भर. म्हणून बांध टाळा, शेताच्या मध्यावर उभे राहा.

फोटोत नुसतं हिरवं शिवार नको. पान, शेंग किंवा पातं ओळखू येईल इतक्या जवळून घ्या आणि ऊन पाठीशी असू द्या. तूर-सोयाबीन आंतरपीक असेल तर निर्भेळ पीक म्हणून एकच नाव टाकून मोकळे होऊ नका. मिश्र पीक निवडा आणि दोन्हींचं क्षेत्र वेगळं भरा. जे रान पडीक आहे ते पडच लिहा. विहीर, बोअर, ठिबक, बांधावरची झाडं यांचीही नोंद होते, ती टाळू नका. रेंज येत नसेल तर घाबरू नका, पण रेंजमध्ये आल्यावर नोंद अपलोड झाल्याचा संदेश दिसल्याशिवाय काम झालं असं समजू नका. चूक झाली तर 48 तासांत एकदा दुरुस्ती करता येते. तेव्हा त्याच संध्याकाळी घरी बसून सगळं परत वाचा. घरातल्या बाईच्या नावावर जमीन असेल तर तिचा खाते क्रमांक वेगळा असतो आणि त्याची नोंदही वेगळी करावी लागते. घाईत नेमकं हेच राहून जातं.

एक अडचण मोबाइलच्या हाती नाही. भावाभावांत वाटणी झाली, सातबारे वेगळे झाले, पण नकाशावर गट एकच राहिला, असं गावोगाव आहे. पोटहिश्श्याची रेघ नकाशावर नसेल तर ॲपला तुमचा हिस्सा कुठं संपतो ते कळत नाही. तूर्त आपल्या हिश्श्यात उभं राहून आपल्याच खात्यावर आपल्या क्षेत्राएवढी नोंद करा, म्हणजे भावाच्या क्षेत्राशी गल्लत होणार नाही. महाभूनकाशा संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून आपला गट एकदा बघून ठेवा. आकारच चुकीचा वाटला तर उन्हाळ्यात रान मोकळं असताना तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. हल्ली मोजणी रोव्हरनं, म्हणजे उपग्रहाच्या आधारे जागा अचूक टिपणाऱ्या यंत्रानं होते आणि हद्दीचे अक्षांश-रेखांश मिळतात. मोजणीची क प्रत, म्हणजे मोजलेल्या हद्दींचा नकाशा, हातात घेतल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. भावकीत हे बोलणं जड जातं, तरीही ते मोजणीदाराच्या आधी घरात झालेलं बरं.

शेवटचं रब्बीचं. राज्याचा 80 टक्क्यांहून अधिक भाग काळ्या कातळावर आहे. पाणी साठतं ते कातळाच्या भेगांत आणि झिजलेल्या मुरमात, म्हणून एका बांधावरची विहीर भरते आणि शेजारची कोरडी राहते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि पाणलोटनिहाय नकाशे करते. बोअर पाडण्याआधी आपलं गाव कोणत्या पाणलोटात येतं आणि तिथला उपसा किती झालाय, हे जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात विचारून घ्या. नकाशा बोअरची जागा दाखवणार नाही, पण अतिउपसा झालेल्या पाणलोटात खर्च करण्याआधी दहा वेळा विचार करायला लावेल. कृषी संजीवनी प्रकल्पातल्या गावांना पाऊस, माती आणि पिकं यांवरून काढलेला पाण्याचा ताळेबंद मिळतो. तुमचं गाव त्यात असेल तर तो कृषी सहायकाकडून मागून घ्या.

ताळेबंदात तूट दिसत असेल तर गव्हाचा हट्ट नको. गव्हाला पाच-सहा पाण्याच्या पाळ्या लागतात, हरभरा दोनांवर निघतो. खोल काळ्या रानात ओल धरून असेल तर ज्वारी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान पेरून घ्या. या पिकांचीही पाहणी करायची आहेच. शेतकऱ्यानं करायची रब्बीची नोंद साधारण डिसेंबरमध्ये सुरू होते आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत चालते.

निरीक्षण विहीर तुमच्या शेतात नसेल, पण तुमची विहीर आहे. पाऊस थांबल्यावर दोराला दगड बांधून काठापासून पाणी किती फुटांवर आहे ते मोजा आणि तारखेसकट कोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा. जानेवारीत पुन्हा मोजा आणि त्याच्या खाली लिहा.