चायनीज शिकताना मधल्या टप्प्यावर अडकलात? या चुका टाळा

एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी लेव्हल पास होते, हॉटेलात ऑर्डर देता येते, वीचॅटवर दोन-चार मेसेज टाकता येतात आणि मग गाडी पुढे हलतच नाही, असं खूप जणांचं होतं. माझंही दीड वर्ष असंच गेलं. शब्द कमी पडतायत असं वाटून मी नुसतं पाठांतर वाढवत बसलो, पण अडचण शब्दांची नव्हतीच, मी पायाच इंग्रजीवर घातला होता.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पिनयिन, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेले चिनी उच्चार, इंग्रजीसारखं वाचणं. रोमन अक्षरं दिसतात म्हणून बी ला आपण ब म्हणतो, डी ला द किंवा ड. पण मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, हा फरक ब आणि प चा नाहीच, तो प आणि फळातल्या फ चा आहे, त आणि थ चा, क आणि ख चा. म्हणजे आपल्या बाराखडीतच आहे सगळं! 'तूच पाओ ल' म्हणजे पोट भरलं आणि 'थूच फाओ ल' म्हणजे ससा पळाला, सूर, म्हणजे आवाजाचे चढ-उतार, दोन्हीकडे तेच, फरक फक्त हवेचा. माझ्या टीचर तोंडासमोर टिश्यू धरायला लावायच्या, फ ला कागद हलला पाहिजे आणि प ला जागेवर राहिला पाहिजे, आठवडाभर रोज दहा मिनिटं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले, त्यांचं चिनी नाव आपण सर्रास 'के दिहुआ' वाचतो, खरा उच्चार 'खं तीहुआ' च्या जवळचा आहे. आणि वरच्या 'तूच' मधला च चाकातला बरं का, चहातला नाही. पिनयिनमधला झेड म्हणजे चाकातला च, जे म्हणजे चहातला. मराठी माणसाला हे दोन्ही घरचे आहेत, मग इंग्रजीतून वळसा कशाला? महिनाभर वहीत पिनयिनच्या बाजूला देवनागरी लिहा, कान बदलतो.

सुरांचं थोडक्यात सांगतो. सुटा शब्द बरोबर येतो आणि वाक्यात सगळं कोसळतं, कारण मँडरिनच्या चार सुरांतला तिसरा सूर वाक्यात पूर्ण खाली जाऊन वर येत नाही, बहुतेक वेळा नुसता खाली राहतो, आणि दोन तिसरे सूर शेजारी आले की पहिल्याचा दुसरा होतो, जसं 'नी हाओ' मध्ये. म्हणून सुटे शब्द घोकू नका, अख्खं वाक्य ऐकून लगेच त्याच चालीत म्हणा आणि रेकॉर्ड करून ऐका.

आता 'ल', वरच्या 'पाओ ल' च्या शेवटी आहे तो. हा भूतकाळाचा प्रत्यय आहे असं धरून चाललात की संपलं. आपण 'गेलो नाही' म्हणतो, म्हणून हात आपोआप 'मेइ छ्यु ल' लिहितो, पण नकारात हा 'ल' जातो, नुसतं 'मेइ छ्यु'. 'आधी आवडायचं' यातही तो नको. मला तो समजला आपल्या 'आलो आलो' वरून. दार वाजतं, आपण अजून स्वयंपाकघरातच असतो, तरी ओरडतो 'आलो आलो!' चिनी माणूस तिथे अगदी हेच म्हणतो, 'लाइ ल लाइ ल'. काळ नाही, परिस्थिती बदलली एवढंच सांगायचंय.

चिनीत आकडा आणि नाम यांच्या मध्ये मोजायचा शब्द लागतो, तिथे सगळीकडे 'क' लावलं तरी लोक समजून घेतात, पण तुम्ही तिथेच राहता. मासा, नदी, रस्ता, पँट या लांबट गोष्टींना 'थ्याओ' लागतं. नाम पाठ करतानाच जोडीने करा, नंतर नाही जमत.

आणि नकार ओळखायला शिका, हे कुठल्याच लेव्हलच्या यादीत नसतं. 'चाय श्वो पा' म्हणजे शब्दशः 'नंतर बोलू', पण लग्नाची बोलणी चालू असताना आपल्याकडे 'बघू, कळवतो' म्हणतात ना, बरेचदा तोच अर्थ. 'पू फांगप्येन', सोयीचं नाही, हेही तसंच. मी एका सप्लायरला तीनदा विचारलं की कधी सोयीचं होईल, तो दरवेळी हसून चहा ओतत राहिला आणि नंतर मेसेजला उत्तर देणं बंद झालं. पहिल्याच वेळी विषय बदलायला हवा होता. कुणाकडे जाताना भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ तर नेऊच नका, 'घड्याळ भेट देणं' आणि 'मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणं' यांचा उच्चार एकच आहे, सुरासकट. फळं न्या, फक्त नाशपाती वाटून खाऊ नका, कारण 'नाशपाती वाटणं' हे चिनीत 'ताटातूट' सारखंच ऐकू येतं.