संग्रहालयाचा शिक्षण-आराखडा करताना

संग्रहालयाच्या शिक्षण विभागात रुजू झालात की ‘आराखडा करा’, म्हणजे भेटीला येणाऱ्या मुलांना काय आणि कसं दाखवायचं याची योजना लिहा, हे काम लवकरच टेबलावर येतं. लगेच उद्दिष्टं लिहायला बसू नका. आधी काही दिवस दालनात नुसते उभे राहा. लोक कुठे थांबतात, मुलं काय विचारतात, हे दारावरच्या सुरक्षारक्षकाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याच्याशी बोला.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय घ्या. १८७२ साली खुलं झालेली ही वास्तू राणीबागेच्या, म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या, आवारातच आहे. सहलीला आलेल्या मुलांचं अर्धं लक्ष पेंग्विनकडे असतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. बस उशिरा येते, डबे खायचे असतात, बाईंना हजेरी घ्यायची असते. हाताशी फार तर पाऊण तास उरतो. म्हणून आराखड्यात खरं महत्त्वाचं काय, तर काय दाखवायचं नाही हे ठरवणं. संग्रह सांभाळणारे क्युरेटर कुरकुरतील, पण एका गटाला तीन वस्तू पुरे.

तिथल्या मातीच्या छोट्या प्रतिकृतींत जुन्या मुंबईतले लोक, त्यांचे पेहराव, कामधंदे दिसतात. त्यांच्यापुढे मुलांना माहिती वाचून दाखवू नका. ‘या माणसाचं काम काय असेल? कशावरून ओळखलंत?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. ही शांतता सुरुवातीला फार जड जाते. मग एखादं मूल पागोट्याबद्दल बोलतं, दुसरं त्याला खोडतं, आणि तास सुरू होतो.

बाहेर बागेत घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. पावसाळा नसेल तर आराखड्यात त्याला जागा द्याच. उघड्यावर मुलं मोकळी बोलतात.

उद्दिष्टं लिहाल तेव्हा ‘वारशाविषयी जाणीव निर्माण होईल’ असलं वाक्य टाळा. ते तपासणार कसं? ‘मूल दोन मूर्तींमधला एक फरक बोट ठेवून सांगेल’ असं लिहा. काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात सिंधू संस्कृतीच्या वस्तू आहेत. सहावीच्या इतिहासात हडप्पा असतं, तेव्हा अशी भेट तो धडा शिकवायच्या आसपास ठेवा आणि शिक्षकांना आधी एकदा एकटं बोलवा. शिक्षकाला दालन परकं वाटलं की तो मुलांना रांगेतच ठेवतो.

वरिष्ठ विचारतील, एवढा खटाटोप कशाला? २०२२ साली प्राग इथे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने केलेल्या ‘संग्रहालया’च्या नव्या व्याख्येत शिक्षण आणि आनंद एकाच वाक्यात आहेत, हे दाखवा. पैशाची बाब मात्र त्याने सुटत नाही. झेरॉक्स, पेन्सिली, मराठी आणि हिंदी वर्कशीट यांचा खर्च वेगळा मांडा, नाहीतर सगळी रक्कम एका उद्घाटनात जाते.

फेरआढाव्याचा महिनाही लिहून ठेवा. मी मे धरते: शाळांना सुट्टी असते, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत नवं वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या हातात पडतं.