ड्रायव्हर अपडेटनंतर आवाज गेला? स्क्रीन न पाहता तो परत आणायचा कसा

डोळस माणसाच्या संगणकाचा आवाज गेला की त्याची गाणी थांबतात. स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्याचा आवाज गेला की त्याच्यासाठी अख्खा संगणकच थांबतो. काय बिघडलं ते कदाचित पडद्यावर लिहूनही आलेलं असतं, पण ते वाचून दाखवणाराच गप्प झालेला असतो. या बिघाडावर शेकडो उपाय लिहिलेले सापडतात, आणि जवळपास प्रत्येकाची सुरुवात 'उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरवर क्लिक करा' अशी असते. आम्ही तिथेच अडतो. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी जन्मापासून पाहू शकत नाही. सांगलीत बँकेत नोकरी करतो, दिवसभर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर काम करतो, आणि संध्याकाळी आमच्यातल्या कुणाकुणाचे संगणक फोनवरून मार्गी लावतो. फोनवर जे सांगतो तेच इथे त्याच क्रमाने देतो. तुमच्याकडे विंडोज 10 किंवा 11 आहे आणि मेनू इंग्रजीत आहेत असं धरलं आहे. 'एनव्हीडीए कळ' म्हणजे इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक, तुम्ही जी ठेवली असेल ती.

आधी बोलणारा दुसरा मार्ग उघडा

सगळ्यात आधी यूएसबीचा हेडफोन लावा. गोल पिनेचा लावू नका. गोल पिनेचा हेडफोन मदरबोर्डवरच्या त्याच साउंड चिपमधून बोलतो, आणि बिघाड बहुधा त्या चिपच्या ड्रायव्हरमध्येच असतो. यूएसबी हेडफोनच्या आत स्वतःची छोटी साउंड चिप असते, आणि तिला चालवणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो. मदरबोर्डवरच्या चिपचा, म्हणजे बहुधा रिअलटेक कंपनीचा, ड्रायव्हर पार मोडला तरी या मार्गाला सहसा धक्का लागत नाही. ब्लूटूथ हेडफोनही चालतो, पण तो आधीच जोडून ठेवलेला हवा. मुक्या संगणकावर नव्याने जोडणं फार अवघड जातं.

लावल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबा. विंडोज बहुतेक वेळा त्यालाच मुख्य आउटपुट करतं. तरीही शांतता असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकत्र दाबा, म्हणजे एनव्हीडीए नव्याने सुरू होईल. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी जालन्याची एक मुलगी सकाळी रडकुंडीला येऊन फोनवर होती. रात्री अपडेट झाला होता आणि सगळ्या नोट्स त्या लॅपटॉपमध्ये. भावाचा यूएसबी हेडफोन लावला आणि फोन चालू असतानाच तिचा एनव्हीडीए बोलायला लागला. मूळ बिघाड तसाच होता, पण आता तो ती स्वतः दुरुस्त करू शकत होती. एक साधा यूएसबी हेडफोन टेबलाच्या खणात कायमचा ठेवा, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

यात दोन गोष्टी सांभाळा. एनव्हीडीए स्वतःचं आउटपुट वेगळं निवडू शकतं. ते एखाद्या ठराविक उपकरणावर बांधलेलं असेल तर विंडोजने मार्ग बदलला तरी बोलणं जुन्याच जागी जात राहू शकतं. म्हणून आज आवाज चालू असतानाच एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये आउटपुट 'डिफॉल्ट'वर ठेवा. दुसरं, हा मार्ग शंभर टक्के हमीचा नाही. जानेवारी 2025 च्या विंडोज अपडेटनंतर काही बाहेरून जोडायची यूएसबी ऑडिओ उपकरणंच बंद पडली होती आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, 'कोड 10' ही चूक येत होती. पुढच्या अपडेटने ते सुधारलं.

खरंच आवाज गेला आहे का?

एनव्हीडीए कळ आणि एस चुकून दाबली गेली तर बोलणं बंद होतं आणि बाकीचा आवाज चालू राहतो. तपासायला विंडोज कळ आणि आर दाबा, काहीतरी निरर्थक अक्षरं लिहा, एंटर मारा. विंडोजला ती सापडत नाहीत आणि चूक झाल्याचा 'टुंग' आवाज येतो. तो ऐकू आला तर ड्रायव्हर ठीक आहे. एस्केप दोनदा दाबून बाहेर या आणि बोलणं परत येईपर्यंत एनव्हीडीए कळ आणि एस, क्षणभर थांबत थांबत, दाबा. 'टुंग'सुद्धा नसेल तर आवाज वाढवायची कळ चार-पाच वेळा दाबून पाहा, म्हणजे म्यूट असेल तर निघेल.

मग रीस्टार्ट. कंट्रोल-एसने काम सेव्ह करा, नंतर विंडोज कळ आणि एक्स, मग यू, मग आर. 'मी बंद करून चालू केला होता' असं पुष्कळ जण सांगतात, पण ते पुरत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. रीस्टार्टमध्ये सगळं कोरं सुरू होतं. अर्धवट बसलेला ड्रायव्हर नुसत्या रीस्टार्टने सरळ झालेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

आवाज मॉनिटरकडे गेला असेल तर

हा प्रकार डेस्कटॉपवर फार होतो आणि यात साउंडचा ड्रायव्हर अगदी धडधाकट असतो. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. त्यामुळे ग्राफिक्सच्या ड्रायव्हरबरोबर एक ऑडिओ ड्रायव्हरही बसतो: इंटेल डिस्प्ले ऑडिओ, एनव्हिडिया हाय डेफिनेशन ऑडिओ, एएमडी हाय डेफिनेशन ऑडिओ डिव्हाइस. ग्राफिक्सचा अपडेट झाला की विंडोज कधी कधी मॉनिटरलाच मुख्य स्पीकर मानू लागतं, आणि पुष्कळ मॉनिटरांना स्पीकरच नसतो. अंध मुलांच्या एका शाळेत संगणक कक्षातली ओळच्या ओळ अशी एकदम गप्प झाली होती. मुलं घाबरली, शिक्षक घाबरले. संगणक मात्र बोलतच होते, फक्त कुणाला ऐकू न येणाऱ्या जागी.

याची परीक्षा आपल्याला डोळ्यांशिवाय करता येते: मॉनिटरची केबल संगणकाच्या मागून काढा. ते उपकरण नाहीसं झालं की विंडोज पुढच्या उपकरणाकडे वळतं. केबल काढताच एनव्हीडीए बोललं तर निदान पक्कं.

केबल निघालेली असतानाही काम करता येतं, पण कायमचा बंदोबस्त करायचा तर ती परत लावून, यूएसबी हेडफोनवर ऐकत हे करा. विंडोज कळ आणि आर दाबा. एम-एम-एस-वाय-एस, टिंब, सी-पी-एल ही इंग्रजी अक्षरं सलग लिहून एंटर. साउंडची जुनी खिडकी उघडते, आणि कळांवर चालणाऱ्यांसाठी ती नव्या सेटिंगपेक्षा कितीतरी सोपी आहे. प्लेबॅकच्या यादीत खाली-वर बाणाने फिरा. मॉनिटरच्या नावावर शिफ्ट आणि एफ10 दाबून 'डिसेबल' निवडा. 'स्पीकर्स'वर तसाच मेनू उघडून 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट डिव्हाइस'. ग्राफिक्सचा पुढचा अपडेट आला की मॉनिटर यादीत पुन्हा जिवंत होऊ शकतो, तेव्हा हीच कृती परत करायची.

विंडोज 11 च्या नव्या आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल आणि व्ही दाबलं की आउटपुट निवडायची यादी लगेच उघडते. तात्पुरत्या बदलाला ती उत्तम.

ड्रायव्हरच मोडला असेल तर

विंडोज कळ आणि एक्स, मग एम. डिव्हाइस मॅनेजर उघडेल. भराभर एस-ओ-यू लिहा, 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'वर जाल. उजव्या बाणाने उघडा आणि खाली या. इथे एक धोका आहे: यादीत तुमचा यूएसबी हेडफोनही असतो. ज्यातून ऐकता आहात तोच काढून टाकलात तर पुन्हा शांतता. नाव पूर्ण ऐका. रिअलटेक लिहिलेलं असेल तिथेच पुढे जा.

ऑल्ट आणि एंटरने प्रॉपर्टीज उघडा, कंट्रोल-टॅबने 'ड्रायव्हर' पानावर या. तिथली तारीख ऐकून गोंधळू नका. ती ड्रायव्हर बनवल्याची असते, तुमच्याकडे बसल्याची नव्हे. टॅब दाबत 'रोल बॅक ड्रायव्हर' शोधा आणि स्पेस दाबा. मागे का जाताय असं विंडोज विचारतं आणि कारणांची यादी देतं. कारण निवडल्याशिवाय 'येस'चं बटण चालू होत नाही. डोळस मदतनीसाला ते फिकट दिसतं, आपल्याला मात्र टॅब दाबून ते सापडतच नाही आणि वाटतं खिडकी अडकली. कोणतंही कारण स्पेसने निवडा, मग टॅबने पुढे जा. झालं की रीस्टार्ट.

'रोल बॅक'चं बटणच टॅबला लागत नसेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असं समजा. मग त्याच पानावर 'अपडेट ड्रायव्हर', पुढे 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक', आणि यादीतून 'हाय डेफिनेशन ऑडिओ डिव्हाइस' निवडा. हा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर. इशारा येईल, त्याला येस म्हणा. याने कंपनीचे इक्वलायझर वगैरे जातात. वाचून घेण्यासाठी त्यातलं काहीही लागत नाही. उलट मला यातलं बोलणं अधिक स्वच्छ वाटतं. माझ्या घरच्या संगणकावर हाच आहे.

नाव वाचताना 'इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी' असं ऐकू आलं तर मात्र हा साधा ड्रायव्हर बसवायच्या भानगडीत पडू नका. अशा लॅपटॉपात स्पीकर आणि माइक इंटेलच्या वेगळ्या वाटेने जोडलेले असतात आणि दोन्हीकडचे ड्रायव्हर एकमेकांना जुळावे लागतात. ऑक्टोबर 2018 मध्ये इंटेलच्या ऑडिओ ड्रायव्हरची 9.21.00.3755 ही आवृत्ती विंडोज अपडेटमधून ज्यांच्यासाठी नव्हती अशा संगणकांवरही गेली आणि त्यांचा आवाज बंद पडला. ती काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टने केबी4468550 हा वेगळा अपडेट दिला. अशा लॅपटॉपावर ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप बनवणाऱ्याच्याच साइटवरून, आपलं नेमकं मॉडेल टाकून. मॉडेल माहीत नसेल तर विंडोज-आर, मग एम-एस-आय-एन-एफ-ओ आणि लगेच 32 लिहून एंटर. 'सिस्टम मॉडेल' ऐका आणि फोनमध्ये टिपून ठेवा.

आवाज आहे, पण तुटका

याची तक्रार डोळस माणसं क्वचित करतात. नवा ड्रायव्हर वीज वाचवायला साउंड चिपला झोपवतो, आणि जागी होईपर्यंत बोलण्याचं पहिलं अक्षर गिळलं जातं. गाण्यात ते कळतही नाही. बँकेत 'एक लाख पंचवीस हजार'मधला 'एक' गेला तर काय होईल ते सांगायला नको. एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि यू दाबून ऑडिओ सेटिंग उघडा. नव्या आवृत्त्यांत बोलणं संपल्यावर ऑडिओ उपकरण किती सेकंद जागं ठेवायचं ते तिथे ठरवता येतं. आकडा वाढवा.

बोलणं घुमल्यासारखं, डब्यातून आल्यासारखं वाटलं तर अपडेटने 'एन्हान्समेंट्स' चालू केलेल्या असतात. साउंडच्या त्याच जुन्या खिडकीत स्पीकर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावरची 'एनेबल ऑडिओ एन्हान्समेंट्स'ची खूण काढा. काही संगणकांत 'एन्हान्समेंट्स' असं स्वतंत्र पान असतं. वेगाने ऐकणाऱ्यांना फरक ताबडतोब जाणवतो.

काहीच चाललं नाही तर

फोनचा टॉकबॅक, म्हणजे फोनमधला स्क्रीन रीडर, तुमच्याशी बोलतोच आहे. घरातल्या किंवा ओळखीतल्या माणसाला व्हिडिओ कॉल करा, फोन पडद्यासमोर धरा, आणि त्याला सांगा की फक्त वाच, काय करायचं ते मी सांगतो. 'हे बंद करू का, ते दाबू का' यात वेळ जातो आणि शेवटी कुणाला काही कळेनासं होतं. विश्वासातलं माणूस लांब असेल तर विंडोज, कंट्रोल आणि क्यू दाबून क्विक असिस्ट हा लांबून मदत घ्यायचा प्रोग्राम उघडतो. मदत करणाऱ्याने मायक्रोसॉफ्ट खात्यातून कोड काढायचा, तो फोनवर सांगायचा आणि तुम्ही लिहायचा. 'आम्ही कंपनीतून बोलतोय' असा आपणहून फोन करणाऱ्याचा कोड कधीही, कोणत्याही कारणाने लिहू नका. बँकेतल्या खिडकीपलीकडून मी त्याचे परिणाम ऐकले आहेत.

परीक्षा, मुलाखत किंवा मार्चअखेर जवळ आली असेल तर विंडोज अपडेटच्या सेटिंगमधून अपडेट 5 आठवड्यांपर्यंत 'पॉज' करता येतात. लॅपटॉपच्या कंपनीचा स्वतःचा अपडेट करणारा प्रोग्राम असतो, त्याला हे लागू होत नाही; तो वेगळा थांबवा. शाळा-संस्थांच्या संगणकांवर विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीतून विंडोज अपडेटमध्ये ड्रायव्हर येणंच बंद करता येतं, आणि कक्ष सांभाळणाऱ्यांनी ते आवर्जून करावं. मुदत संपली की अपडेट स्वतः चालू करा: सुट्टीच्या दिवशी सकाळी, कुणीतरी फोन उचलेल अशा वेळी, यूएसबी हेडफोन आधीच जोडून.