लेकीचं शैक्षणिक कर्ज : सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

मी इंदुरात रामबागेत राहते, ब्लाउज शिवते. आमचे हे क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर मुनीम आहेत. लेकीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा कर्जाच्या कागदांवर सहकर्जदार म्हणून मीही सही केली. त्या दिवशी बँकेत मी एकही प्रश्न विचारला नाही. आता शिवायला टाकायला येणाऱ्या आया मला कर्जाचं विचारतात, म्हणून जे कळलं ते इथे लिहून ठेवते.

आधी एक गैरसमज काढून टाका. लोक ‘सरकारी कर्ज’ म्हणतात, पण पैसा बँकेचाच असतो. सरकार हमी देतं आणि काही घरांना व्याजात मदत करतं, एवढंच. मुद्दल तुम्हालाच फेडायचं आहे. म्हणून कर्जाआधी शिष्यवृत्ती बघा. आमच्या मध्य प्रदेशात मेधावी विद्यार्थी योजना आहे. राज्य मंडळात ७० किंवा सीबीएसईत ८५ टक्के असतील आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर तिच्या बाकीच्या अटी वाचून घ्या. जेवढी फी तिथून सुटेल तेवढं कर्ज कमी.

मग रकमेचा हिशेब करा. ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला घरचे पैसे घालावे लागत नाहीत. त्याच्या वर, शिक्षण देशातच असेल तर खर्चाच्या ५ टक्के आपण भरायचे. साडेसात लाखांपर्यंत घर किंवा जमीन तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार म्हणून पुरतात. आमचा खर्च ६ लाख ३२ हजारांच्या आसपास होता. कर्ज ६ लाखांचं झालं, उरलेले आम्ही घातले. साडेसात लाखांच्या आत कोणी घराचे कागद मागितले तर ‘कुठल्या नियमाने?’ असं शांतपणे विचारा.

अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करायचा. कागद नेहमीचेच : दहावी-बारावीच्या मार्कशीट, प्रवेशाचं पत्र, कॉलेजने दिलेला सगळ्या वर्षांच्या फीचा तक्ता, आधार, पॅन, घरच्यांच्या उत्पन्नाचे पुरावे. उत्पन्नाचा दाखला (इकडे त्याला ‘आय प्रमाणपत्र’ म्हणतात) लोकसेवा केंद्रातून बारावीच्या निकालाआधीच काढून ठेवा. प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांगा लागतात.

आम्हाला पहिल्या शाखेने ‘तुमचा भाग आमच्याकडे येत नाही’ म्हणून परत पाठवलं. मी गपचूप घरी आले. नंतर कळलं की राहण्याचा पत्ता शाखेच्या हद्दीत नाही एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येत नाही. नकार आला तर कारण लेखी मागा. लेखी तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आता व्याजाचं. हे मला कोणी वेळेवर सांगायला हवं होतं. शिक्षण संपेपर्यंत आणि नंतर एक वर्ष हप्ता नाही, हे ऐकून मी निर्धास्त झाले. पण हप्ता नसला तरी व्याज पहिली फी कॉलेजात जमा झाली त्या दिवसापासून चालू होतं. दोन वर्षं मी एक रुपया भरला नाही. तिसऱ्या वर्षी बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू पैठणीचा ब्लाउज टाकायला आल्या. त्यांनी माझ्याच मापाच्या वहीत आकडे मांडले. दर १० टक्के, दर वर्षी दीड लाख उचल. पहिल्या वर्षी महिन्याचं व्याज १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५०, चौथ्या आणि त्यानंतरच्या बिनहप्त्याच्या वर्षी ५,०००. काहीच भरलं नाही तर पाच वर्षांनी ६ लाखांचे ८ लाख १० हजार होतात, आणि दहा वर्षांच्या फेडीचा हप्ता येतो सुमारे १०,७००.

अस्तराच्या ब्लाउजचे मी ३५० घेते. म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला चार ब्लाउज पुरले असते. ते चार ब्लाउज वेगळे शिवले नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. तिसऱ्या वर्षापासून मात्र दर महिन्याचं व्याज मी भरत गेले. चुकलेल्या दोन वर्षांचे ४५ हजार शेवटी मुद्दलात मिसळले आणि हप्ता सुमारे ८,५०० वर थांबला. हप्ता सुरू होईपर्यंत साधं व्याज असतं, व्याजावर व्याज नाही, म्हणून उशिरा जाग आली तरी फायदा होतोच. शिकत असताना व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूट देतात. ती आहे का, ते सहीआधी विचारा आणि लिहून घ्या. विम्याचा हप्ता कर्जात घातला आहे का, हेही विचारा.

घरचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या योजनेत, तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण आणि त्यानंतरच्या बिनहप्त्याच्या वर्षाचं पूर्ण व्याज सरकार भरतं. आमचं दोघांचं मिळून त्याच्या थोडं वर जात होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तिच्या यादीतल्या संस्थेत प्रवेश असेल तर ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांनाही व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. यादीत कॉलेजचं नाव आहे का, हे प्रवेशाच्या फेरीआधी बघा. व्याजाची मदत घेऊन शिक्षण मध्येच सोडलं तर ती बंद होते. आजारपणाचं कारण असेल तर वेगळं.

फी थेट कॉलेजच्या खात्यात जाते. दर वर्षी मार्कशीट आणि फीचं मागणीपत्र शाखेत द्यावं लागतं. फी भरायच्या तारखेच्या महिनाभर आधी द्या, नाहीतर दंड तुम्हाला भरावा लागतो.

नोकरी लागायला उशीर झाला तर बँकेचे फोन टाळू नका. हप्ता ९० दिवस थकला की खातं बुडीत गणलं जातं, आणि सिबिल (कर्ज वेळेवर फेडता का, याची नोंद) लेकीचं एकटीचं नाही, सहकर्जदार आईबापांचंही बिघडतं. थकण्याआधी शाखेत जाऊन हप्ते लांबवून मागा, अर्जाची पोच घ्या.

लेक आता स्वतः हप्ता भरते. जुन्या कर पद्धतीत राहिलं तर भरलेल्या व्याजावर आठ वर्षं आयकरात सूट मिळते, मुद्दलावर नाही. बोनस आला की ती जास्तीची रक्कम भरते. बदलत्या दराच्या कर्जावर त्याचा दंड लागत नाही. मात्र प्रत्येक वेळी शाखेला लेखी कळवा की हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करा. कर्ज संपलं की ‘काही देणे नाही’ असं पत्र घ्या, आणि दोनेक महिन्यांनी सिबिलच्या अहवालात तुमच्या आणि मुलाच्या, दोघांच्याही नावापुढे खातं बंद झालेलं दिसतं का ते पाहा.