रुग्णसाहित्य देणाऱ्या छोट्या ट्रस्टनं कमी पैशात तंत्रज्ञान कसं वापरावं

छोट्या संस्थेत तंत्रज्ञानाचा विषय निघाला की कुणी म्हणतं ॲप करून घेऊ, कुणी म्हणतं वेबसाइट काढू. मी आधी विचारते, तुमच्याकडे वही कोण लिहितं? जो माणूस वही लिहितो त्याला रोज पाच मिनिटांत जे जमेल, तेवढंच तंत्रज्ञान संस्थेत टिकतं.

मी दिवसा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका फौंड्रीचा स्टॉक आणि चलनं सांभाळते आणि संध्याकाळी मंगळवार पेठेत आमच्या ट्रस्टच्या खोलीत बसते. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, फाउलर बेड (डोक्याची आणि पायाची बाजू वर उचलता येणारी खाट), एअर बेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं विजेवरचं यंत्र) असं साहित्य आम्ही अनामत घेऊन वापरायला देतो. सीपीआर या सरकारी रुग्णालयातून डिस्चार्ज मिळाला की नातेवाईक घाईघाईनं येतात. रिक्षा दारात उभी असते, आत पेशंट असतो. अशा वेळी 'थांबा, कुठली व्हीलचेअर शिल्लक आहे बघतो' म्हणत वहीची पानं उलटत बसणं मला पटत नाही. खाली लिहिलंय ते सगळं या गरजेतून आलेलं आहे. वाचनालय, वसतिगृह किंवा भांडी भाड्यानं देणारं मंडळ यांनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

आधी वस्तूला नंबर

मोबाइल हातात घेण्याआधी हे काम करा. प्रत्येक वस्तूला एक कायमचा नंबर हवा. वहीत 'निळी व्हीलचेअर', 'शाहूपुरीच्या काकांनी दिलेली व्हीलचेअर' अशा नोंदी आहेत तोवर संगणकाला त्यातून काहीच काढता येत नाही. कागदी स्टिकर टिकत नाही. परत आलेलं साहित्य फिनेलनं, सॅनिटायझरनं पुसलं जातं आणि कमोड खुर्ची तर नळाखालीच धुतली जाते. उद्यमनगरातल्या वर्कशॉपला सांगितलं तर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर नंबर पंच करून मिळतो. ती पट्टी सीटखालच्या आडव्या नळीला रिव्हेट मारून बसवायची. बसवण्याआधी तिच्या कडा कानशीनं घासून घ्या. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते आणि उठताना हात नेमका तिथंच जातो.

मग क्यूआर. गुगल फॉर्ममध्ये 'प्री-फिल्ड लिंक' अशी सोय आहे. वस्तूचा नंबर आधीच भरलेला असेल अशी लिंक त्यातून तयार होते. ती क्रोममध्ये उघडून शेअरमध्ये गेलं की क्यूआर फुकट मिळतो. तो छापून, वर रुंद पारदर्शक टेप मारून, पाणी लागणार नाही अशा जागी लावायचा. स्वयंसेवकानं स्कॅन केलं की फॉर्म उघडतो. त्यात 'दिली' की 'परत आली', नातेवाइकाचं नाव, मोबाइल, गाव, अनामत आणि परतीची तारीख, एवढंच भरायचं. क्यूआर बनवून देणाऱ्या बाहेरच्या वेबसाइटपासून मात्र सावध राहा. काही वेबसाइट मधे स्वतःची लिंक घालतात आणि मुदत संपली की पैसे मागतात. तोवर तुमचे क्यूआर सगळ्या वस्तूंना लागलेले असतात.

फॉर्म एकदा गुगल शीटला जोडून ठेवला की भरलेली नोंद आपोआप तिथं जाते. शीट सुरू करतानाच काही गोष्टी नीट लावून घ्या. सेटिंगमध्ये 'लोकेल' भारत करा. तिथं अमेरिका असेल तर ५ ऑगस्टची तारीख ८ मे म्हणून बसते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आकडे इंग्रजी अंकांतच भरा, कारण देवनागरी अंकांना शीट मजकूर समजतं आणि अनामतीची बेरीज चुकते. गावाचं नाव टाइप करायला देऊ नका, यादीतून निवडायला द्या. एकानं 'चिखली' आणि दुसऱ्यानं 'प्रयाग चिखली' लिहिलं की एकाच गावाची दोन गावं होतात. परतीची तारीख उलटली की ओळ लाल व्हावी, हे 'कंडिशनल फॉरमॅटिंग'मधून जमतं. आठवड्यातून एकदा लाल ओळींना फोन करायचा. बहुतेक वेळा लोक द्यायला विसरलेले असतात. कधी पेशंट गेलेला असतो, म्हणून पहिलं वाक्य 'तब्येत कशी आहे?' हेच असावं. साहित्याचं त्यानंतर बोलायचं.

आमच्याकडे पंच्याहत्तरी ओलांडलेले एक काका आहेत. कीबोर्डवर त्यांना जोडाक्षरं सापडत नाहीत, पण मोबाइलवरच्या जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डचा माइक दाबून ते 'आंबेवाडी, तालुका करवीर' म्हणतात आणि ते बरोबर उमटतं. शेऱ्याच्या रकान्यातल्या त्यांच्या नोंदी आमच्या सगळ्यांपेक्षा सविस्तर असतात. वयस्कर माणसांना बाजूला बसवून तरुणांच्या हातात सगळं देऊ नका. लोकांना ओळखणारी माणसं तीच असतात. अनामतीची पावती मात्र कार्बनच्या पावती पुस्तकावरच द्या. सही लागते, आणि पैसे परत न्यायला येणारा माणूस कागद घेऊनच येतो.

पुराची यादी

कोल्हापुरात माझ्या मते शीटचा सगळ्यात मोठा उपयोग हा आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही पुरांत आपण पाहिलं, पाणी चढायला लागलं की झोपून असलेल्या माणसाला हलवणं सर्वांत अवघड. शीटमध्ये दोन रकाने वाढवा: 'पेशंट अंथरुणाला खिळून आहे का' आणि 'विजेवर चालणारं साहित्य आहे का'. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे, धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात प्रशासन पातळी जाहीर करतच असतं. ती ३९ कडे सरकायला लागली की गावाच्या रकान्यावर फिल्टर लावायचा, चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची नदीकाठची गावं, शहरातला सुतारवाडा अशी नावं वेगळी काढायची आणि फोन सुरू करायचे. कुठं हलवणार, गाडी आहे का, कॉन्सन्ट्रेटर असेल तर वीज गेल्यावर पर्यायी सिलिंडर आहे का, हे तेव्हाच विचारायचं. ४३ ची वाट बघायची नाही.

वीज आणि नेटवर्क दोन्ही जाऊ शकतं, हे धरून चाला. जूनमध्ये यादीची प्रिंट काढा, पाऊस वाढला की दर आठवड्याला नवी काढा, आणि उंचावर राहणाऱ्या दोन स्वयंसेवकांच्या घरी एकेक प्रत ठेवा. मोबाइलवर ती शीट ऑफलाइन उघडेल अशी सोय आधीच करून ठेवा.

व्हॉट्सॲप

व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे आणि ते लँडलाइन नंबरवरही चालतं. नोंदणीचा कोड फोन कॉलवरून येतो. जुन्या लेटरहेडवर, रिक्षावाल्यांकडे, दवाखान्यांतल्या भिंतींवर तुमचा ०२३१चा नंबर असेल तर तोच वापरा. कुठले कागद आणायचे, अनामत किती, वेळ काय, ही उत्तरं 'क्विक रिप्लाय'मध्ये एकदा लिहून ठेवली की रोज टाइप करावी लागत नाहीत.

रुग्णांच्या नातेवाइकांचा ग्रुप मात्र करू नका. कुणाच्या घरी कोण आजारी आहे हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला कळतं, नंबरही दिसतात. देणगीदारांसाठी ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो, हे लक्षात ठेवा. साहित्य घेणाऱ्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती मला अजिबात मान्य नाही. गरजेच्या वेळी माणूस नाही म्हणू शकत नाही. वस्तूचा फोटो पाठवा. आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, म्हणून आधारची झेरॉक्स मोबाइलच्या गॅलरीत साठवत बसू नका. ओळखपत्र बघा आणि परत द्या.

पैसे

यूपीआयचा क्यूआर ट्रस्टच्या पॅनवरच्या बँक खात्याचाच हवा, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा कधीच नको. पैसे जमा झाले की बोलणाऱ्या डब्याला (साउंडबॉक्स) बहुधा महिन्याचं भाडं असतं, छोट्या संस्थेला त्याची गरज नाही. यूपीआयनं पैसे येतात तेव्हा देणगीदाराचा पत्ता आणि पॅन येत नाही. देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी ८०जीची मान्यता असेल तर वर्ष संपल्यावर आयकर खात्याला देणगीदारांचं विवरण द्यावं लागतं आणि तेव्हा ही माहिती शोधत फिरावं लागतं. म्हणून क्यूआरशेजारीच देणगीच्या फॉर्मचा दुसरा क्यूआर लावा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, हेही तिथंच लिहा.

संगणक

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. जुना संगणक टाकायची गरज नाही. एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घाला, पत्रं आणि हिशेबासाठी लिब्रेऑफिस त्यात मिळतंच. देणगीत येणारे बंद मॉनिटर नम्रपणे नाकारा. जुनी पत्रं श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतील तर इथून पुढं युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या छापील कागदाचा स्वच्छ फोटो ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडला तर मराठी मजकूर बऱ्यापैकी हाती येतो.

नोंदणीकृत संस्थांसाठी गुगल आणि कॅनव्हाच्या मोफत योजना आहेत. पडताळणीला कागद लागतात, पण अर्ज जरूर करा. तोवर साध्या जीमेलची १५ जीबी जागा पुरते.

चावी कुणाकडे

गुगल खातं ट्रस्टच्या नावाचं, रिकव्हरी नंबर ट्रस्टच्या सिमचा, आणि त्या सिमच्या रिचार्जची जबाबदारी एका माणसाकडे. टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) सुरू केल्यावर मिळणारे बॅकअप कोड कागदावर छापून ट्रस्टच्या कपाटात ठेवा. विश्वस्त बदलले की आपण धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट देतोच. त्याच फाइलमध्ये एक कागद लावा: कुठली खाती आहेत, कुणाकुणाला प्रवेश आहे, जुन्या विश्वस्ताचा मोबाइल कुठल्या तारखेला काढला, नव्याचा कुठल्या तारखेला जोडला. खाली दोघांच्याही सह्या घ्या.