वावरातल्या घराला सोलर लावताय? आधी पंखे मोजा

मळ्यात राहायला गेलेल्यांचं खान्देशात सगळीकडे एकच गाऱ्हाणं, शेतीच्या फिडरवर आठ तास लाईट, त्यात पाळी रात्रीची आली की दिवसभर पंखा बंद, आणि घरगुती मीटर घ्यावं तर पोल लांब. अशा घराला बॅटरीवरचं ऑफग्रिड, म्हणजे पोलवरच्या लाईनला न जोडलेलं, सोलर मस्त चालतं, फक्त दुकानात जायच्या आधी वहीपेन घ्या.

आणि हो, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची ती ७८ हजारांपर्यंतची सबसिडी ग्रिडला जोडलेल्या रूफटॉपला आहे, बॅटरीवाल्या ऑफग्रिडला नाही, दुकानदार काही सांगो.

आता हिशोब. ९ वॅटचे चार एलईडी पाच तास म्हणजे १८० वॅट-तास, टीव्ही तीन तास १५०, मोबाईल वगैरे ५०. राहिले पंखे, आणि खरी मेख तिथंच आहे भो. साधा पंखा ७५ वॅट खातो, दोन पंखे १२ तास चालले की १८०० झाले, तेच बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे ३० वॅटचे घेतले तर ७२०. म्हणजे पंखे बदलले की अख्खं घर रोजच्या ११०० वॅट-तासांत, म्हणजे १.१ युनिटात बसतं. पंख्याला हजार-दीड हजार जास्त जातात पण बॅटरीत त्याच्या कितीतरी पट वाचतात. कूलर १५०-२०० वॅटचा, तो दिवसा ऊन असताना चालवा, रात्रभर पाहिजे असेल तर बॅटरी पार दुप्पट धरा. विहिरीची मोटर या सिस्टिमवर टाकायचीच नाही, त्याला मागेल त्याला सौर कृषी पंप योजना वेगळी आहे, १० टक्के भरून (अनुसूचित जाती-जमातीला ५).

बॅटरी. १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर, म्हणजे पाणी टाकायची लेड-ॲसिड बॅटरी, कागदावर १८०० वॅट-तास, पण निम्म्याच्या खाली उतरवत राहिलात तर लवकर बसते, म्हणून ९०० धरा. एवढ्यात वरच्या घराची एक रात्र कशीबशी निघते, पुढच्या दिवशी आभाळ आलं की अंधार. म्हणून दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला) लावून २४ व्होल्ट करा, नाहीतर पैसे असतील तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, ती ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते. पण कुठलीही घ्या, ठेवणार कुठे ते आधी बघा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर साधारण दर १० अंशांना निम्मं होत जातं. जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, खोली असेल तर तिच्यासारखी जागा नाही, मातीचं जाड धाबं आत गारवा धरतं. खिडकी उघडी पाहिजे मात्र, चार्जिंगला गॅस निघतो, आणि चूल शेजारी नको.

ऊन कडक म्हणजे पॅनल जास्त देणार असं वाटतं, पण पॅनलवर लिहिलेले वॅट २५ अंशांचे असतात, दुपारी काच-सेल ६५-७० ला गेले की १५ टक्के तरी तिथंच जातात. धूळ, इन्व्हर्टर सगळं धरून तीस टक्के वजा करा. रोजचं पाच तास चांगलं ऊन धरलं तर १.१ युनिटाला ३१५ वॅट लागतात, पण श्रावणात आभाळ असतं म्हणून ५४० चं एक घ्याच, जमलं तर दोन.

इथे एक फसवणूक नेहमी होते. ५४० चं पॅनल ४१ व्होल्टच्या आसपास चालतं, त्याला स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्जिंगचा डबा, जो पॅनलला बॅटरीच्याच व्होल्टवर ओढतो) लावून १२ व्होल्टच्या बॅटरीवर टाकलं की हातात येतात जेमतेम १७० वॅट, बाकीचे गेले. जास्तीचे व्होल्ट वाया न घालवता करंटमध्ये बदलणारा एमपीपीटी कंट्रोलरच मागा आणि डब्यावर नुसतं लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, वजनाला हलका, किमतीला फारच कमी असेल तर तो बहुतेक पीडब्ल्यूएमच.

पॅनल दक्षिणेला तोंड करून २०-२१ अंश उतार, आपला अक्षांशच तेवढा. धाब्यावर खड्डे पाडून अँगल रोवायचे नाहीत, पावसाळ्यात गळतीच लागेल, त्यापेक्षा अंगणात काँक्रीटच्या पायावर स्टँड उभा करा. पाया कच्चा ठेवू नका, मे-जूनच्या ज्या वादळात रावेर-यावलच्या केळी आडव्या होतात तेच वादळ याच्यावरही येणार. निंबाची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी करंट धाडकन उतरतो.

जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल, काढताना उलटं. एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) डीसीचाच घ्या, घरातला एसीवाला डीसीची ठिणगी तोडत नाही. बॅटरी ते इन्व्हर्टर वायर जाड आणि आखूड, अर्थिंग वेगळं. धूळ पुसायची ती भल्या पहाटे, तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर तडकू शकते, आणि बोअरचं पाणी मारून तसंच वाळू दिलं तर पांढरा थर बसतो. ट्युब्युलरमध्ये उन्हाळ्यात महिन्याला पाण्याची पातळी बघायची आणि लागलं तर डिस्टिल्ड वॉटरच टाकायचं, पाच लिटरचा कॅन आणून ठेवा.