जुन्या गाडीचा ॲव्हरेज कुठे जातो? कार्ब्युरेटरवाल्यांनो, या चुका टाळा

जुनी मारुती आठशे किंवा पद्मिनी बाळगणारे दोघे भेटले की रंग, सीटकव्हर, हॉर्न यांवर दोन वाक्यं होतात आणि तिसरा प्रश्न ठरलेला: "किती देते?" उत्तर बहुतेक वेळा अंदाजाने ठोकून दिलेलं असतं. घोळाची सुरुवात तिथूनच होते.

माझी आठशे 1997 सालची. गेल्या उन्हाळ्यात ती लिटरला साडेअकरावर आली. शहरात साडेपंधरा देणारी गाडी होती ती. मी जे जे करू नये ते सगळं आधी केलं आणि खरा दोष शेवटी सापडला, म्हणून हे लिहितोय. कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या धर्तीच्या यंत्राच्या) गाडीचा ॲव्हरेज वाढवायचा नसतो, तो कुठे सांडतोय ते शोधायचं असतं. कंपनीने दिलं होतं त्याच्या पुढे फारसं काही मिळत नाही, पण हरवलेलं बरंच परत मिळतं.

आधी मोजायला शिका

पेट्रोलच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. जुन्या गाडीत टाकीतला तरंगता फ्लोट आणि काट्याला पातळी सांगणारा सेंडर झिजलेले असतात, काटा चढावर एक सांगतो आणि उतारावर दुसरं. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, तसंच पहिल्या 'टक्'ला थांबून भरा. गेलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका टाकीचा हिशेब फसवा असतो, निदान तीन टाक्यांची सरासरी काढा. टायरचा साइज बदललेला असेल तर मीटरच चुकीचं दाखवतो. अशा वेळी महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी पडताळून पाहा. अनेकांचा "पडलेला" ॲव्हरेज या पायरीवरच उभा राहतो.

चोकची पट्टी डोळ्यांनी बघा

माझ्या गाडीचा प्लग काढला तर तो काजळीने काळाकुट्ट. म्हणजे मिश्रण रिच, पेट्रोल जास्त. गॅरेजवाल्याने लगेच निदान केलं, "जेट बारीक टाकू, ॲव्हरेज वाढेल." जेट म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा. तो टाकला. धूर जरा कमी झाला, पण चढावर गाडी झटके द्यायला लागली आणि ॲव्हरेज जेमतेम अर्ध्या किलोमीटरने हलला.

मग एका रविवारी मी स्वतः एअर फिल्टरचं झाकण काढलं. चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा अडवून पेट्रोल वाढवणारी पट्टी. तिचा डॅशबोर्डवरचा नॉब पूर्ण आत होता, म्हणजे चोक बंद. तरीही कार्ब्युरेटरच्या तोंडावरची चोकची पितळी पट्टी सरळ उभी नव्हती, तिरकी राहिली होती. बोटाने ढकलली की उभी व्हायची, सोडली की पुन्हा कलायची. केबलचं आवरण आतून गंजलं होतं आणि तार अर्ध्यावरून परत येत नव्हती. म्हणजे गेले कित्येक महिने मी थोडा चोक ओढूनच गाडी चालवत होतो. केबल बदलली, जुना जेट परत बसवला, प्लग साफ केले. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी साडेपंधराच्या आसपास आली.

तुमच्या गाडीत नॉब आत आहे एवढ्यावर विसंबू नका. इंजिन गरम असताना झाकण काढून पट्टी पूर्ण उभी आहे ना ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

जेटशी खेळू नका

मला सगळ्यात जास्त कळकळ याची वाटते, कारण इथे झालेलं नुकसान लवकर कळत नाही. कार्ब्युरेटरचं तत्त्व साधं आहे. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल पितळी जेटच्या भोकातून वर ओढलं जातं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो, तो धूर तपासून पेट्रोल कमीजास्त करवतो. इथे तसं कोणी नाही. जेटचं भोक ठरवेल तेवढंच पेट्रोल जाणार.

आणि ते भोक किती नाजूक असतं? सोलेक्स धर्तीच्या जेटवर कोरलेला आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. 110 म्हणजे 1.10 मिमी. मिस्त्रीने कचरा काढायला त्यात तार फिरवली आणि भोक फक्त 1.15 मिमी झालं, तर क्षेत्रफळ 9 टक्क्यांनी वाढतं. तितकं पेट्रोल जास्त. जेट क्लीनर स्प्रेने आणि हवेने साफ करायचा, तारेने कधीच नाही. गाडी दहा हातांतून गेली असेल तर जेटचा आकडा मॅन्युअलशी जुळवून पाहा, आणि भोक झिजल्याची शंका असेल तर नवा टाका.

उलट बाजूने बारीक जेट टाकला की मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. इंजिन ओढत नाही, म्हणून आपण ॲक्सिलरेटर जास्त दाबतो, त्या दाबाला कार्ब्युरेटरमधला ॲक्सिलरेटर पंप आणि पॉवर सर्किट जादा पेट्रोल सोडतात, आणि वाचवलेलं तिथेच जातं. शिवाय इंजिन तापतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतो. हेड उघडण्याच्या खर्चात किती लिटर पेट्रोल येईल याचा हिशेब करा.

जेटवर संशय घेण्याआधी कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता फ्लोट बघा. पितळी फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो भोकाचा आहे, बुडतो आणि पातळी वाढवतो. फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणाऱ्या निडल व्हॉल्व्हच्या टोकाला झिजेची गोल रेघ दिसली तर तोही बदला. गाडी उभी केल्यावर पेट्रोलचा वास येत राहतो, याचं कारण बहुतेक वेळा या दोघांपैकी एक असतं.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

"आपल्याकडे एवढं ऊन, थर्मोस्टॅट कशाला?" असं म्हणून तो काढून फेकलेल्या गाड्या मी मोजू शकणार नाही इतक्या पाहिल्या. हे उघड नुकसान आहे. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरचा, साधारण 82 अंशांना उघडणारा हा व्हॉल्व्ह इंजिन लवकर गरम करतो. तो नसला की पाच-सहा किलोमीटरच्या फेरीत इंजिन थंडच राहतं. थंड मॅनिफोल्डमध्ये (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीत) पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थेंब भिंतींना चिकटतात, मग चोक जास्त वेळ लागतो, आणि न जळलेलं पेट्रोल उतरून ऑइल पातळ होतं. गाडी तापत असेल तर रेडिएटर, फॅन, पाण्याचा पंप तपासा. तापमानाचा काटा थंडीच्या सकाळी मध्यापर्यंत चढतच नसेल, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते पाहा.

फिल्टर आणि स्पार्क

एअर फिल्टरबद्दल हल्ली उलटसुलट वाचायला मिळतं. इंजेक्शनच्या गाडीत मळका फिल्टर पिकअप कमी करतो, ॲव्हरेजवर फारसा परिणाम करत नाही, हे खरं आहे. पण तो नियम आपल्याला लागू नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेल्या माहितीनुसार कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मळका फिल्टर बदलल्याने 2 ते 6 टक्के फरक पडतो, आणि गाडी चालवणं जड जावं इतका तो तुंबला असेल तर 14 टक्क्यांपर्यंत. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर फिल्टर झटकून पुन्हा बसवत राहण्यापेक्षा वेळेवर बदललेला स्वस्त पडतो.

स्पार्कमध्ये सगळे प्लग बदलतात, कुणी पॉइंटचा गॅप फीलर गेजने बघतो, पण डिस्ट्रिब्युटरला (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाला) चिकटलेल्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या डबीकडे कुणाचंच लक्ष नसतं. ॲक्सिलरेटर अर्धवट दाबलेला असताना मिश्रण विरळ असतं आणि सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते. ते काम ही डबी करते. आतला पडदा फाटला किंवा रबरी नळी तडकली तरी गाडी सुरू होते, चालते, फक्त मोकळ्या रस्त्यावरचा ॲव्हरेज जातो. तपासायला सोपं आहे: इंजिन बंद करून नळी कार्ब्युरेटरकडच्या टोकाला काढा, तोंडाने हवा ओढा आणि जिभेने टोक दाबून धरा. डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट सरकली आणि तशीच राहिली तर पडदा शाबूत. हवा सरळ येत राहिली तर डबी गेली.

ऐकीव गोष्टी

पेट्रोलच्या पाइपला लोहचुंबक बांधून काही होत नाही. पेट्रोल चुंबकाला दाद देत नाही. टाकीत डांबराच्या गोळ्या टाकण्याचा सल्ला जुने लोक अजून देतात. त्यातला मेणासारखा गाळ जेटमध्ये बसतो, बाकी हाती काही लागत नाही. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे जास्त ताकद नव्हे. ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला (मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठोकण्याला) विरोध, आणि आपल्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनांना साधं पेट्रोल पुरतं. सकाळी भरलेलं पेट्रोल "घट्ट" असतं हेही तसंच. पेट्रोल एका अंशाला साधारण 0.1 टक्का फुगतं खरं, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपारचा फरक पोहोचत नाही.

घाटात न्यूट्रल करण्याचं मात्र वेगळं आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये उतरताना पेट्रोल बंद करते. बहुतेक जुन्या कार्ब्युरेटरांना ते जमत नाही, आयडल सर्किटमधून थोडं पेट्रोल ओढलं जातंच. म्हणून न्यूट्रलवाले म्हणतात, "वाचतं." किती? छोटं इंजिन आयडलिंगला तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं. दहा मिनिटांच्या उतारात इंजिन पूर्ण बंद ठेवलं तरी शंभर मिलिलिटरच्या आसपास. त्यासाठी खंबाटकी किंवा आंबा घाटात पद्मिनीसारख्या ड्रम ब्रेकच्या गाडीचं सगळं वजन ब्रेकवर टाकायचं? ड्रम तापले की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. ज्यात ब्रेक बूस्टर आहे त्यात इंजिन बंद केल्यावर दोन-तीन दाबांनंतर तोही संपतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

चाकं हाताने फिरवून पाहा

टायरची हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना. एवढं सगळ्यांना माहीत असतं. अडकणारा ब्रेक मात्र निसटतो. गाडी पाच-सात किलोमीटर चालवून आणा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं जाणवलं तर ते जॅकवर उचला, हँडब्रेक सोडा आणि हाताने फिरवा. एक-दोन फेऱ्या सहज फिरलं पाहिजे. घासत थांबलं तर व्हील सिलिंडर अडकलाय किंवा हँडब्रेकची केबल ताणलेली आहे. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास होतं.

इथेनॉलचं वास्तव

सगळं ठीक असूनही ॲव्हरेज कमी वाटत असेल, तर थोडा दोष खरोखर पेट्रोलचा आहे. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश असते. 20 टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यातही जुन्या धर्तीच्या चारचाकींसाठी 6-7 टक्क्यांचीच घट धरलेली होती. साडेपंधरावर एक किलोमीटर गेला तर गाडी खराब झाली असं समजू नका.

पण दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. जेटचं भोक तेवढंच, म्हणून 20 टक्के मिश्रणावर जुनी गाडी आपोआप लीन चालते. ज्यांनी ॲव्हरेजसाठी आधीच जेट बारीक करून घेतलाय त्यांना आता झटके, मिसिंग आणि तापणं यांचा त्रास सगळ्यात जास्त होतो. त्यांनी मूळ मापाचा जेट परत बसवावा. मूळ जेट असूनही प्लग पांढरा पडत असेल आणि गाडी रेस घेताना अडखळत असेल, तर एक माप मोठा जेट टाकून बघायला हरकत नाही.

आणि जुने रबर बदला. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा, सगळं त्या काळच्या पेट्रोलसाठी बनवलेलं आहे. बॉनेट उघडून नळी बोटांनी दाबा आणि वाकवा. चिकट लागली, फुगलेली वाटली किंवा वाकवताना बारीक भेगा दिसल्या, तर इथेनॉलला चालणारी नवी नळी आणि नवे क्लॅम्प घालून घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. ती नळी गरम इंजिनाच्या अगदी शेजारून जाते.